मुलाचं लग्न इलोइलोत आणि निमंत्रणावर लिहिलंय ‘फिलिपिनियाना’

पत्र

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. येत्या फेब्रुवारीत त्याचं लग्न आहे. मुलगी फिलिपिन्समधल्या इलोइलोची, आणि लग्न तिच्याच गावी, चर्चमध्ये. निमंत्रणात पोशाखाची एक ओळ आहे: पुरुषांनी बारोंग, स्त्रियांनी फिलिपिनियाना. नवऱ्यामुलाचे आईवडील म्हणून आम्हाला चर्चमध्ये सगळ्यांसमोरून चालत जायचं आहे. मी आयुष्यभर साडीच नेसत आले. इंटरनेटवर खांद्यावर पंखांसारख्या उभ्या बाह्यांचे झगे पाहिले आणि धसकाच घेतला. ह्यांनी बारोंगचा फोटो बघून ‘आरपार दिसणारा सदरा मी घालणार नाही’ असं जाहीर करून टाकलंय. त्यात त्यांनी कुठेतरी वाचलंय, की स्पॅनिश लोक तिथल्या लोकांना कमी लेखण्यासाठी असे सदरे घालायला लावत. माझ्याकडे माझ्या लग्नातली येवल्याची पैठणी आहे, तीच नेसू का? की तो पोशाख खरंच मिळवावा? नाशिकमध्ये शिवून मिळेल का? खोटा माल गळ्यात मारतील का? आणि एवढा खर्च करून नंतर तो घालायचा कुठे?
— एक वरमाय, नाशिक

उत्तर

ताई,

पैठणी बरोबर न्याच. पण चर्चमध्ये ती नेसू नका, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही नेसलात तर कुणी नाव ठेवणार नाही, उलट सगळे कौतुकच करतील. पण तुम्ही तिथे नुसत्या पाहुण्या नाही. निमंत्रणातली ती ओळ मुलीच्या घरच्यांनी हौसेनं लिहिली आहे, आणि तुम्ही दोघं त्यांच्या पोशाखात चर्चमध्ये आलात तर सून म्हणून आपली मुलगी कुठल्या घरात जातेय हे तिच्या आईला तिथेच कळेल. उद्या नाशिकच्या स्वागत समारंभाला विहीणबाई साडी नेसून आल्या तर तुम्हाला काय वाटेल, ते मनात आणून बघा. पैठणीला आदल्या रात्रीचं जेवण आहे, दुसरा दिवस आहे, आणि नाशिकचा समारंभ तर हक्काचाच.

आता तुमच्या यजमानांचं. ती गोष्ट खूप पसरलेली आहे: लोकांनी कमरेला शस्त्र लपवू नये म्हणून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी पातळ कापड आणि सदरा बाहेर सोडण्याची सक्ती केली, वगैरे. असा कायदा झाल्याचा कागदोपत्री पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. उलट दामियान दोमिंगो या मनिलाच्या चित्रकाराची एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जलरंगचित्रं आहेत. त्यांत चांगले खातेपिते लोक लांब, बाहेर सोडलेले, नक्षीदार सदरे ऐटीत घालून उभे दिसतात. कापड पातळ आहे ते हवेमुळे. तिथे वर्षभर दमट उकाडा असतो आणि त्यात कोट घालून बसणं ही शिक्षा आहे. यजमानांना आणखी एक नाव सांगा. विनोबांना 1958 साली, बाबा आमट्यांना 1985 साली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना 2008 साली मिळालेला पुरस्कार ज्यांच्या नावाचा आहे, ते रामोन मॅगसेसे. 30 डिसेंबर 1953 रोजी त्यांनी फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती बारोंग घालून. त्याआधीचे राष्ट्राध्यक्ष अशा प्रसंगी पाश्चात्त्य सूट घालत. आज तिथे बारोंग म्हणजे सूटच्या बरोबरीचा किंवा त्याहून मानाचा पोशाख समजतात.

आणि तो उघड्या अंगावर घालत नाहीत. आत ‘कामिसा दे चिनो’ नावाचा पांढरा, बिनकॉलरचा, गोल गळ्याचा सुती सदरा असतो. तो आपल्या गंजीसारखा नसतो, पुऱ्या किंवा अर्ध्या बाह्यांचा असतो. म्हणजे बारोंगमधून दिसतं ते पांढरं सूत, अंग नव्हे. खाली काळी पँट, काळे चामडी बूट. सदरा पँटमध्ये खोचायचा नाही, कधीच नाही. टाय नको, वर जॅकेट नको. बाह्या लांब आणि मनगटाशी बटण लावलेल्या हव्यात. अर्ध्या बाह्यांचा ‘पोलो बारोंग’ ऑफिसात घालतात, लग्नात नवऱ्यामुलाच्या वडिलांनी तो घालणं बरं दिसत नाही. जुन्या पद्धतीचा बारोंग छातीपर्यंतच उघडा असतो आणि डोक्यावरून घालावा लागतो. यजमानांचा खांदा धरत असेल तर पूर्ण उघडणाऱ्या पट्टीचा शिवून घ्या. हल्ली तोही सर्रास चालतो.

खरा प्रश्न कापडाचा आहे आणि पैसेही तिथेच जातात किंवा वाचतात. सगळ्यांत उंची कापड ‘पिन्या’, अननसाच्या पानांच्या धाग्याचं. इलोइलो ज्या पनाय बेटावर आहे त्याच बेटावर, वायव्येला, अक्लान प्रांत आहे. तिथल्या कालिबो आणि आसपासच्या गावांत ते हातमागावर विणतात. पानाची साल फुटक्या चिनी बशीच्या धारेनं खरवडतात, मग आतला बारीक धागा नारळाच्या करवंटीनं काढतात, धुतात, वाळवतात आणि एकेक तंतू हातानं गाठ मारून जोडत लांब करतात. तो केसासारखा तुटतो, म्हणून विणकाम अगदी सावकाश चालतं. अक्लानच्या या विणकामाला डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. एवढी मेहनत म्हटल्यावर शुद्ध पिन्याच्या हातभरतकाम केलेल्या बारोंगची किंमत हजारो पेसोंच्या घरात, चांगलीच वरती जाते. एका पेसोचा साधारण दीड रुपया धरा, म्हणजे अंदाज येईल.

त्याखालोखाल ‘पिन्या-सेदा’, म्हणजे पिन्या आणि रेशीम एकत्र. हे मऊ पडतं, जरा कमी नाजूक असतं आणि दिसायला तितकंच देखणं. मग ‘हुसी’. पूर्वी ते चिनी रेशमाचं असे, आता बहुतेक यंत्रमागावर होतं आणि सर्वसाधारण माणसं लग्नाला तेच घालतात. सगळ्यांत खाली पॉलिएस्टर ऑर्गंझा. फोटोत चांगला दिसतो, पण चर्चच्या गर्दीत तासभर बसल्यावर घामाच्या धारा लागतात. नवऱ्यामुलानं शुद्ध पिन्या घेतला तर घेऊ दे, त्याचा दिवस आहे. तुमच्या यजमानांसाठी पिन्या-सेदा किंवा चांगल्या हुसीवर हातभरतकाम, एवढं पुरे.

खोट्या मालाची भीती रास्त आहे. पर्यटकांच्या दुकानांत ‘पिन्या’ म्हणून पॉलिएस्टर विकतात. पण येवल्याची पैठणी ओळखायला तुम्ही पदर उलटा करून पाहता ना, तीच सवय इथे कामी येईल. कापड उजेडाकडे धरा. पिन्याचा धागा एकसारखा नसतो, कुठे जाड कुठे बारीक, आणि मधे जोडाच्या गाठी दिसतात. रंग हस्तिदंती असतो, शुभ्र पांढरा नाही, आणि बोटांना किंचित कडक लागतो. पॉलिएस्टर एकसारखं चमकतं आणि हातातून सरकतं. भरतकामाची उलटी बाजू बघा: हाताच्या कामात टाके थोडे मागेपुढे, गाठी दिसतात, यंत्राच्या कामात सगळं साच्यातलं, पुष्कळदा मागे अस्तराची जाळी. ‘कालादो’ नावाचं जाळीकाम असतं, त्यात कापडातले धागे ओढून काढून उरलेले बांधून जाळी करतात. तिथे नुसती भोकं कापून कडा शिवलेली दिसली तर ते हाताचं नाही. हुसी हुसी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पिन्याच्या भावानं घेऊ नका.

भरतकामाची दोन गावं लूझोन बेटावर आहेत, मनिलाच्या दक्षिणेला. लागुना प्रांतातलं लुम्बान आणि बातांगास प्रांतातलं ताल. लुम्बानच्या रस्त्यावर बारोंगची दुकानं शेजारीशेजारी आहेत आणि भरतकाम करणाऱ्या बायका त्याच गावात राहतात. तिथे तयार बारोंग मिळतो, मापाचा शिवून मिळतो, आणि नुसतं भरलेलं, न कापलेलं कापडही मिळतं. तालला बाजारपेठेत भरतकामाची दुकानं आहेत आणि भलं मोठं जुनं बॅसिलिका, म्हणजे मानाचं चर्चही. मनिलात एक दिवस थांबणं जमलं तर लुम्बानला जाऊन यायला तो दिवस पुरता लागेल, रस्त्यावर रहदारी फार. तेवढा वेळ नसेल तर मनिलातल्या मोठ्या मॉलमधलं ‘कुल्तुरा’ दुकान बरं: किंमत ठरलेली, मापं ठरलेली, तयार माल. किआपो किंवा दिविसोरियाच्या बाजारात स्वस्त मिळतं, पण घासाघीस आणि पारख दोन्ही यायला हवं. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं लग्नाच्या तोंडावर तिथे जाऊ नये.

आता तुमचा पोशाख, ज्याचं तुम्हाला दडपण आलंय. ज्या बाह्या पाहून तुम्ही घाबरलात तो ‘तेर्नो’. फुलपाखरासारख्या बाह्या असलेला हा एकसंध झगा विसाव्या शतकात घडला. त्याआधी गळ्याभोवती शाल असे. रामोन वालेरा नावाच्या कारागिरानं ती काढून टाकली आणि सुटे भाग जोडून एकच झगा केला. त्यांना पुढे देशाचा राष्ट्रीय कलाकार हा किताब मिळाला. तेर्नो देखणा आहे यात शंका नाही. पण त्या बाह्या कडक असतात, खांद्यावर उभ्या राहतात. तिथल्या बायका गालाला गाल लावून भेटतात आणि लहान मंडळी मोठ्यांचा हात धरून कपाळाला लावतात. लग्नभर तुम्हाला हे शेकडो वेळा करायचंय. पहिल्यांदाच तेर्नो घालून हे जमवणं अवघड जाईल, आणि कारमध्ये बसताना बाह्या चुरगळतील त्या वेगळ्याच.

फिलिपिनियाना म्हणजे एवढंच नाही, ही चांगली बातमी. तेर्नोच्या आधीची, आजही मानानं घातली जाणारी जोडी आहे: ‘बारोत साया’. वर पातळ, भरतकामाची, रुंद बाह्यांची चोळीसारखी ‘बारो’. खाली पायघोळ ‘साया’, म्हणजे घागऱ्यासारखा कपडा. आणि खांद्यांवरून त्रिकोणी घडी करून समोर ब्रोचनं अडकवलेला ‘पान्युएलो’. पदर सांभाळायची सवय असलेल्या बाईला पान्युएलो पहिल्या मिनिटापासून आपला वाटतो. अंग झाकलेलं राहतं, चर्चला शोभतं, हात मोकळे राहतात. तुमच्यासाठी माझा सल्ला निर्विवादपणे हाच आहे.

आणि मुलगी इलोइलोची आहे, म्हणून एक खास गोष्ट. इलोइलो प्रांतात ‘हाब्लोन’ नावाचं हातमागाचं कापड विणतात. इलोइलो शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर मिआगाव नावाचं गाव आहे. तिथलं पिवळसर दगडाचं जुनं चर्च 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्याच गावच्या इंदाग-आन वस्तीत बायका मागावर बसून हाब्लोन विणतात. रंग ठसठशीत, पट्टे किंवा चौकडी, कधी मधूनच चमकता धागा. तुमची साया हाब्लोनची शिवली, वर हुसी किंवा पिन्या-सेदाची बारो आणि पान्युएलो घेतला, तर खर्च आटोक्यात राहील आणि चर्चमधल्या प्रत्येक इलोंगो, म्हणजे इलोइलोकडच्या बाईला ते कापड दुरून ओळखू येईल. मुलीच्या मावश्यांना त्याचा किती आनंद होईल, तो तुम्ही तिथे बघालच.

एक टाळा. ‘पारंपरिक फिलिपिनो पोशाख’ म्हणून शोधलं की दक्षिणेतल्या त्बोली समाजाचं ‘तनालाक’, उत्तरेतल्या डोंगरी समाजांची लाल-काळी वस्त्रं, असं पुष्कळ काही समोर येतं. ते फार सुंदर आहे. तनालाकची नक्षी तर विणणाऱ्या बायकांना स्वप्नात दिसते, असं ते लोक मानतात. पण ती वस्त्रं त्या त्या समाजाची आहेत, त्यांचे विधी त्यांच्याशी बांधलेले आहेत. इलोइलोच्या चर्चमधल्या लग्नात ती घालायची नसतात.

रंग मात्र स्वतः ठरवू नका. तिथल्या लग्नांत ‘मोटिफ’ ठरलेला असतो: दोन्हीकडच्या आया, नीनोंग-नीनांग म्हणजे लग्नाचे मानाचे साक्षीदार, करवल्या, सगळ्यांच्या कपड्यांचा रंग. मुलीला विचारा, तिनं फोटो पाठवला की त्या रंगाच्या जवळचा हाब्लोन घ्या. पांढरा नवरीचा, तेव्हा तुमचा पान्युएलो हस्तिदंती असला तरी साया रंगीत हवी.

नाशिकमध्ये शिवून घेण्याबद्दल. बारोंग आणि बारो नको. हे कापड कात्रीखाली सरकतं, शिलाई आतून बंद करावी लागते, कारण उघडी कड बाहेरून दिसते, आणि एकदा चुकीची सुई घुसली की भोक राहतं. आपल्या शिंप्याचा त्यात दोष नाही, त्याच्या हाताखालून हे कापड कधी गेलेलंच नसतं. साया मात्र तुमचा ब्लाउज शिवणारा शिंपी नक्की शिवू शकेल, पण हाब्लोन तिकडून येणार, म्हणून तीही तिकडेच शिवणं सोयीचं. तिथे बायकांचे कपडे शिवणारीला ‘मोदिस्ता’ म्हणतात. मुलीच्या आईची मोदिस्ता ठरलेली असणार, तिच्याकडेच द्या. अनोळखी दुकानापेक्षा ती फार बरी, कारण विहीणबाईंचा शब्द तिच्यावर चालतो.

मापं घरी घ्या आणि इंचांत पाठवा. यजमानांची छाती, पोट, खांदा, गळा, बाही, उंची. पोटाचं माप विसरू नका, तिकडची तयार मापं पोटाशी अरुंद येतात आणि बारोंग अंगाला चिकटला की सगळी शोभा गेली. तो सैलच असायला हवा. तुमची साया जमिनीला टेकण्याइतकी लांब हवी, म्हणून ज्या चपला घालणार त्या आधी ठरवा आणि त्या घालूनच उंचीचं माप घ्या. कमरेला हुकाबरोबर नाडीही मागा. बारोच्या आत घालायचं वस्त्र त्याच मोदिस्ताकडून शिवून घ्या, आपला पेटीकोट-ब्लाउज आतून दिसतो.

वेळ फार कमी आहे, हे स्पष्ट सांगते. ऑक्टोबर चालू आहे आणि तिकडे ख्रिसमसची लगबग सप्टेंबरपासूनच सुरू होते. डिसेंबरात पार्ट्या, लग्नं, शिंप्यांकडे ढीग. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माप आणि कापड मोदिस्ताच्या हातात असायला हवं. हातभरतकाम नव्यानं करून घ्यायला आता उशीर झालाय, भरलेलं तयार कापड घेऊन शिवा. आणि लग्नाच्या निदान चार-पाच दिवस आधी पोचा, म्हणजे घालून बघता येईल आणि दुरुस्ती होईल. काही बिघडलंच तर घाबरू नका: तिथे लग्नाचे कपडे भाड्यानं घेणं अगदी रूढ आहे, शहरात अशी दुकानं असतातच, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. खर्च फारच वाटत असेल तर सुरुवातीपासूनच भाड्यानं घेणं हाही चांगला मार्ग आहे. फक्त यजमानांच्या मापाचा बारोंग भाड्यानं मिळणं कठीण पडेल, तो विकतच घ्या.

दागिन्यांत मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या सगळं ठेवा. पोशाख त्यांचा घातला म्हणून तुमचं काही उतरवायचं नाही. पण लांब हार आणि टोकदार नक्षीचे दागिने नकोत, पान्युएलोचे धागे त्यात अडकून ओढले जातात. ठुशी किंवा मोत्यांचा चिंचपेटी उत्तम. यजमानांच्या घड्याळाचा धातूचा पट्टा बाहीला खातो, चामड्याचा लावा. अत्तर कापडावर फवारू नका, डाग पडतो.

मुलाला एक निरोप द्या. लग्नविधीत नवरीच्या डोक्यावर आणि नवऱ्याच्या खांद्यावर मिळून एक लांब ओढणी टाचणीनं लावतात, आणि जेवणाच्या वेळी नाचताना पाहुणे दोघांच्या कपड्यांना नोटा टाचून देतात. पिन्याला टाचणीचं भोक बुजत नाही. ओढणी खांद्याच्या शिवणीतच टाचायला सांग, आणि नाचापूर्वी बारोंग बदल किंवा नोटांसाठी गळ्यात एक फीत बांध, असं त्याला आत्ताच सांगून ठेवा. त्या दिवशी त्याला ते सुचणार नाही.

नंतर कुठे घालायचा? नाशिकच्या स्वागत समारंभाला, आणखी कुठे? तुम्ही पैठणीत, यजमान बारोंगमध्ये. मार्चच्या उकाड्यात सूट घालून उभ्या राहिलेल्या मंडळींना त्यांचा हेवा वाटेल. तुमचा पान्युएलो साध्या रेशमी साडीवर शालीसारखा घेता येतो, हाब्लोनची साया सणासुदीला सुती कुर्त्याखाली छान दिसते.

येताना बारोंग घडी करून बॅगेत दाबू नका, हँगरला लावून कव्हरमध्ये घाला आणि विमानात हातातच ठेवा. घरी आल्यावर थंड पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री करा. कपाटात कायमची घडी घालून ठेवलं तर पिन्या घडीच्या रेषेवर तुटतो, म्हणून जुन्या मऊ सुती साडीत सैल गुंडाळून ठेवा. पैठणी कशी ठेवायची ते तुम्हाला सांगायला नको, त्याच कप्प्यात तोही राहील.

आज रात्री मुलीला एकच मेसेज करा: आईची मोदिस्ता कोण, मोटिफचा रंग कुठला, आणि मिआगावचा हाब्लोन कोण आणून देईल.